फक्त सही करा

ऑगस्ट २०१६. डोंबिवली पूर्वेला आमच्या सोसायटीच्या स्टिल्टमध्ये, ए विंगच्या मीटर-पेटीजवळ प्लास्टिकचं टेबल मांडून सहकार खात्याकडून आलेले निवडणूक अधिकारी बसले होते. उमेदवारी अर्ज घेण्याचा शेवटचा दिवस, शेवटचा तास. बाहेर पाऊस असा, की रिक्षावाले गेटच्या आत येऊन भाडं उतरवत होते. टेबलावर पाण्याच्या बाटलीखाली दाबून ठेवलेले सात अर्ज. जागा अकरा.

आमची इमारत चार मजली, विंग तीन, बिऱ्हाडं छप्पन्न आणि लिफ्ट नाही. तेव्हाचे सेक्रेटरी तिन्ही विंगांचे जिने चढून-उतरून घामाघूम झाले होते. हातात कोरे अर्ज, खिशात दोन पेनं. दार उघडलं की एकच वाक्य : ‘‘तुम्ही फक्त सही करा, बाकी आम्ही बघतो.’’ माझ्याही दारात ते वाक्य आलं. मी रात्रपाळी, लोकलचा प्रवास आणि आईचं दुखणं अशी तिन्ही कारणं एका दमात सांगितली. तिन्ही खरी होती. तरी दार लावल्यावर बरं वाटलं, ते लपवत नाही.

पाच वाजता नऊ अर्ज झाले. दोन राखीव जागा रिकाम्या, बाकी सगळे बिनविरोध. अधिकाऱ्यांनी चहा घेतला, कागद प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळले आणि जाता जाता ‘‘तुमची सोसायटी शहाणी आहे’’ असं प्रशस्तिपत्रक दिलं. गावात ग्रामपंचायत बिनविरोध झाली की गुलाल उडतो, पेपरात फोटो येतो. सोसायटीत बिनविरोधचा अर्थ एवढाच, की कुणी आलं नाही.

या लेखासाठी मी गेलं वर्षभर ठाणे, मुलुंड, कोथरूड, सिडको नाशिक अशा ठिकाणी ओळखीपाळखीच्या सोसायट्यांमध्ये बसून आलो. काही ठिकाणी वार्षिक सभेला मागच्या खुर्चीत बसलो, काही ठिकाणी नुसता चहा प्यालो. सगळीकडे नावं वेगळी, वाक्य तेच. ‘फक्त सही करा’ या तीन शब्दांवर महाराष्ट्रातल्या कितीतरी व्यवस्थापक समित्या उभ्या आहेत. राज्यात गृहनिर्माण संस्था लाखाहून जास्त. सगळ्या प्रकारच्या सहकारी संस्था एकत्र मोजल्या तर निम्म्याहून अधिक याच. दूध, साखर, पतपेढ्या या सगळ्यांपेक्षा आपल्याकडचा सहकार जिन्यात आणि पार्किंगमध्ये जास्त राहतो. पण सहकाराबद्दल भाषण करणारा कुणी पुढारी पाण्याच्या टाकीवर चढलेला मी पाहिलेला नाही.

गावदेवीला एकदा मुद्दाम जाऊन आलो. मुंबईतली पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था तिथली, सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी, १९१५ची. रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी हा त्यामागचा माणूस. त्याआधी १९०६ साली शामराव विठ्ठल बँक उभी करण्यातही तेच पुढे होते. १९०४च्या कायद्यात फक्त पतसंस्थांना जागा होती. १९१२ साली नवा कायदा आला आणि कर्ज देण्या-घेण्यापलीकडच्या कामांसाठीही सहकारी संस्था काढता येऊ लागली. तालमकींनी तो कायदा वाचला आणि त्यातून घरं काढली. भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या, नोकरीपेशातल्या कुटुंबांनी पैसे जमवायचे, इमारती संस्थेच्या मालकीच्या, आणि सभासद हा संस्थेचाच भाडेकरू. सहकार खात्याच्या भाषेत याला अजूनही ‘भाडेकरू सहभागीदारी’ म्हणतात.

तिथं फुटपाथवर उभं राहून माझ्या मनात आलं, की त्या लोकांना कमिटी निवडणं सोपं गेलं असणार. एकाच समाजातली, एकमेकांना ओळखणारी माणसं. आधी माणसं जमली, मग घरं झाली. आपलं उलटं आहे. आधी बिल्डर इमारत बांधतो, फ्लॅट विकतो, आणि ज्यांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही अशा छप्पन्न जणांना १९६३च्या मोफा कायद्याखाली एका नोंदणी क्रमांकात बांधून निघून जातो. पुष्कळदा जमिनीचं अभिहस्तांतरण, म्हणजे आपल्या बोलीत कन्व्हेयन्स, न करताच जातो. आमचा गेला तो १९८९ साली. पाठीमागे राहिल्या बी विंगच्या गच्चीतल्या भेगा आणि एक पंप.

चाळीत हे वेगळं होतं म्हणतात. माझं बालपण गिरगावातल्या एका चाळीत गेलं. तिथं कमिटी होती ती मुळात गणपतीची. गणपतीचा हिशेब ठेवणाराच नळाच्या भांडणात मध्ये पडायचा. निवड व्हायची ती हात वर करून, आणि हात वर करायच्या आधीच ठरलेली असायची. त्यात लोकशाही होती असं मी म्हणणार नाही. बायका गॅलरीतून ऐकायच्या, पोटभाडेकरूंना कुणी विचारायचं नाही. पण ज्याला निवडलं त्याला काम येतं का, हे सगळ्यांना माहीत असायचं.

आता कायदा. वाचकहो, कंटाळू नका, यात एक गंमत आहे.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० सालचा. त्यात साखर कारखाना, सूतगिरणी, जिल्हा बँक आणि आमची सोसायटी एकाच पंगतीला. ९७वी घटनादुरुस्ती झाली, त्यानुसार २०१३ साली राज्याने आपला कायदा बदलला आणि पुण्यात राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरण आलं. हेतू चांगलाच होता. कारखान्यांवर आणि बँकांवर वर्षानुवर्षं ठाण मांडून बसलेल्यांच्या हातून निवडणूक काढून घ्यायची. पण जाळं टाकलं देवमाशासाठी आणि त्यात अडकल्या मुरड्या. दहा-बारा बिऱ्हाडांच्या सोसायटीलाही मतदार यादी, निवडणूक अधिकारी, कार्यक्रम, छाननी, सगळं कारखान्यासारखं. अधिकारी पुरणार कुठून? ज्यांची मुदत संपली ते ‘आता निवडणूक होईपर्यंत’ म्हणत पुढे चालूच राहिले.

२०१९ साली कायद्यात प्रकरण तेरा-ब आलं, कलम १५४ब-१ ते १५४ब-३१, खास गृहनिर्माण संस्थांसाठी. त्यातून लहान सोसायट्यांना आपली निवडणूक आपणच घेण्याची मोकळीक मिळाली. आधी २०० सभासदांपर्यंत, मग २५०पर्यंत. म्हणजे बहुतेक सगळ्या सोसायट्या त्यात आल्या. निवडणूक अधिकारी म्हणून खात्याच्या यादीतला माणूस घ्या, नाहीतर जो स्वतः उभा राहणार नाही असा आपल्यातलाच एखादा सभासद नेमा. याच मोकळिकीत पुढे माझा बळी गेला, तो प्रसंग येतोच आहे. जुलै २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या घटनादुरुस्तीतला राज्याच्या सहकारी संस्थांना लागू होणारा भाग रद्द ठरवला. पण राज्याचा स्वतःचा कायदा जागेवर असल्यामुळे आमच्या स्टिल्टमध्ये त्याने काही हललं नाही.

शंभर सभासदांपर्यंतच्या सोसायटीत समिती अकरा जणांची. सहा सर्वसाधारण, दोन महिला, एक अनुसूचित जाती-जमाती, एक इतर मागासवर्ग, एक भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी. सोसायटी मोठी तशी समिती मोठी, पाचशेच्या वर सभासद असतील तर एकोणीस. मुदत पाच वर्षं. आणि पुष्कळांना हे ठाऊक नसतं, की चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार यांना सभासद थेट निवडत नाहीत. सभासद समिती निवडतात आणि समिती आपल्यातून पदाधिकारी. त्यामुळे आपण मत एकाच्या तोंडाकडे पाहून देतो आणि चेअरमन भलताच होतो.

राखीव जागांबद्दल थोडं थांबून लिहायला हवं, कारण सोसायटीत याच विषयावर सगळे पटकन पुढे जातात.

आमच्याकडे तीस-तीस वर्षं शेजारी राहणारी माणसं आहेत. दिवाळीचा फराळ जातो-येतो, एकाच्या घरची किल्ली दुसऱ्याकडे असते. जात कुणी विचारत नाही, आणि ‘आमच्याकडे असलं काही नाही’ हे मोठ्या अभिमानाने सांगतात. सगळ्यांना सगळ्यांची माहीत असते हा भाग वेगळा. निवडणूक लागली, की नोटीस बोर्डावर प्रवर्गांची यादी लागते आणि जी गोष्ट नाही म्हणून सांगितली जाते ती टाइप होऊन काचेआड येते. मग जातीचा दाखला घेऊन टेबलाशी कोण जाणार? २०१६ला आमच्याकडे रिकाम्या राहिलेल्या दोन जागा त्याच होत्या. ‘पात्र सभासद नाही’ असा शेरा पडला. पात्र सभासद होते. त्यातल्या एकांनी मला नंतर जिन्यात सांगितलं, की ओपनमधून उभा राहिलो असतो, पण त्या रकान्यातून नाही. सर्वसाधारण जागेवरून उभं राहा, असं त्यांना कुणी सुचवलंही नव्हतं. मीही नाही.

महिलांच्या जागांची तऱ्हा दुसरी. त्या कधी रिकाम्या राहत नाहीत. सौभाग्यवतींच्या नावावर फ्लॅट असतो, सभेला मिस्टर येतात. एप्रिल २०२१पासून महिलेच्या नावाने घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, त्यामुळे नव्या इमारतींच्या सभासद यादीत बायकांची नावं वाढत जाणार. सभेतल्या खुर्च्यांवर त्या वाढतीलच असं नाही. २०१६ला बी विंगमधल्या ताईंचा अर्ज असाच आला. त्या शाळेत शिकवायच्या, घरी शिकवण्या घ्यायच्या. दोन महिला लागतात म्हणून सेक्रेटरी गेले, मिस्टरांशी बोलले, आणि स्वयंपाकघरातून हात पुसत आलेल्या ताईंनी ओट्यावरच अर्जावर सही केली. हे त्यांनीच मला सांगितलं, हसत. पुढची पाच वर्षं दर महिन्याला वॉचमन इतिवृत्ताची वही त्यांच्या दारात आणायचा, फुली केलेल्या जागी त्या सही करायच्या. सभा झाली का, कुठे झाली, काय ठरलं, हे वहीतच वाचायला मिळालं असतं. वाचायला वेळ कुणाला?

त्या सहीची किंमत काय असते हे मात्र कुणी सांगत नाही. निवडून आलं, की समितीच्या निर्णयांची वैयक्तिक आणि सामूहिक जबाबदारी अंगावर येते. काही गैर झालं आणि कलम ८८ची चौकशी लागली, तर वसुली समिती सदस्यांकडून होऊ शकते. पगार शून्य. रविवार गेला. रात्री अकराला ‘टाकी भरून वाहतेय’ म्हणून फोन. ‘मला फक्त सही करायला सांगितलं होतं’ असं उपनिबंधकांच्या टेबलासमोर सांगून उपयोग नसतो. एवढं ऐकल्यावर ज्याला उभं राहावंसं वाटतं तो एकतर फार भला असतो, किंवा त्याचं काही काम अडलेलं असतं. दोन्ही प्रकारची माणसं मी पाहिली, आणि एकाच माणसात दोन्ही असलेलीही.

कोथरूडला एका नातेवाइकांकडे गेलो तर ते म्हणाले, आमची सोसायटी नाहीच, अपार्टमेंट आहे. पुण्यात हे बरंच आढळतं. १९७०चा अपार्टमेंट मालकीचा कायदा वेगळा, तिथं जमिनीतला अविभक्त हिस्सा ज्याच्या त्याच्या नावावर, आणि मताचं वजनही त्या हिश्श्याच्या टक्क्यांवर. मोठ्या फ्लॅटवाल्याचं मत जड. सोसायटीत वन रूम किचनवाला आणि थ्री बीएचकेवाला दोघांचं मत एकच. अपार्टमेंटवाल्यांना आपली पद्धत न्याय्य वाटते. मला सोसायटीची वाटते. माझा फ्लॅट लहान आहे, हेही सांगून ठेवतो.

मत कुणाला नाही, तेही बघा. आमच्या सी विंगमध्ये एक कुटुंब पंधरा वर्षं भाड्याने राहतंय. दहीहंडीची वर्गणी ते देतात, वॉचमन पळाला तेव्हा रात्री गेट त्यांनी सांभाळलं, शेजारच्या आजींना हॉस्पिटलात त्यांनी नेलं. त्यांना मत नाही, सभेला खुर्ची नाही. मालक अमेरिकेत, न्यू जर्सीला. सेवाशुल्काच्या दहा टक्के बिनभोगवटा शुल्क भरतो आणि त्याला मत आहे. मुखत्यार पाठवून मत देता येत नाही, स्वतः यावं लागतं, नाहीतर शेअर सर्टिफिकेटवर ज्याचं दुसरं नाव असेल त्याने. एरवी या मालकाला इमारतीचा रंग कुठला तेही सांगता आलं नसतं. पण २०२२ला त्याचा दुसऱ्या नावाचा भाऊ पहाटेची गाडी पकडून नाशिकहून आला आणि रांगेत पहिला उभा राहिला.

कारण २०२२ला रीडेव्हलपमेंट आलं होतं.

आमच्या कमिटीची मुदत ऑगस्ट २०२१मध्येच संपली होती. करोनामुळे सगळ्या सहकारी निवडणुका सरकारने पुढे ढकलल्या होत्या, त्यात आमचीही गेली. शेवटी फेब्रुवारी २०२२चा मुहूर्त निघाला. तोवर दोन बिल्डरांची पत्रं येऊन पडली होती. किती टक्के जादा जागा, महिना किती भाडं, कॉर्पस किती. इमारत तेहतीस वर्षांची, टेकू लावलेल्या दोन बाल्कन्या. आणि पुनर्विकासाची चावी समितीच्या हातात असते : सल्लागार कोण नेमायचा, निविदा कशा उघडायच्या, सभेपुढे कुणाला आणायचं. शेवटचा निर्णय सर्वसाधारण सभेचा, पण २००९च्या निर्देशांत तीन चतुर्थांश सभासदांची संमती लागायची, ती ४ जुलै २०१९च्या शासन निर्णयाने ५१ टक्क्यांवर आली. छप्पन्नपैकी एकोणतीस. एकोणतीस घरं गोळा करणं ज्याला जमेल त्याची इमारत.

अकरा जागांना तेवीस अर्ज आले. ज्यांच्या दारातून सेक्रेटरी पाच वर्षांपूर्वी हात हलवत परतले होते, ते आता पँटला इस्त्री करून अर्ज भरायला आले. दोन गट पडले. आधी मानीव अभिहस्तांतरण करून जमीन सोसायटीच्या नावावर घ्या, मग बिल्डरशी बोला, असं म्हणणाऱ्यांना ‘आधी कागद’वाले म्हणू लागले. बाल्कनी डोक्यावर पडल्यावर कागद घेऊन काय करू, असं म्हणणारे ते ‘आत्ताच’वाले. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून आणखी दोन ग्रुप निघाले. मी दोन्हींत होतो, कारण मला निवडणूक अधिकारी केलं होतं. ‘‘तुम्ही लेखक माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात, फक्त सह्या करायच्या आहेत,’’ असं मावळत्या सेक्रेटरींनी सांगितलं. मी फसलो, यात नवल नाही.

छाननीचा दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. सी विंगमधल्या एका सभासदांच्या अर्जावर हरकत आली, ते थकबाकीदार आहेत. खजिनदारांची वही पाहिली. मेंटेनन्स दर महिन्याला वेळेवर जमा. थकलेले ३,४०० रुपये पार्किंगच्या दंडाचे. त्यांचं म्हणणं, दंडच चुकीचा लावलाय, म्हणून मी भरत नाही. तीन महिन्यांहून जास्त थकबाकी असेल तर उमेदवारी बाद, एवढं मला पाठ होतं. मी अर्ज बाद केला. त्यांनी मान हलवली, चष्मा काढून पुसला आणि निघून गेले. उपनिबंधकांकडे अपील करायला तीन दिवस असतात, त्यांनी केलं नाही.

आठवड्याने कपाट आवरताना आदर्श उपविधीची प्रत पुन्हा चाळली. थकबाकीदार ठरवायला नुसती वहीतली रक्कम पुरत नाही, मागणीचं बिल किंवा लेखी नोटीस हातात पडून तीन महिने जावे लागतात. मी ती नोटीस मागितलीच नव्हती. नंतर चौकशी केली. दंड तोंडी सांगितला होता आणि वहीत चढवला होता, कागद कधी गेलाच नव्हता. म्हणजे मी चुकलो. ती हरकत ज्या गटाने घेतली होती, त्यांना हे बहुधा ठाऊक असावं. सोसायटीच्या निवडणुकीत मतं विकत घेण्याची गरज पडत नाही, समोरच्याला छाननीतच बसवता येतं. मी सी विंगमधल्या त्या सभासदांची माफी मागितली. ‘‘राहू द्या हो, मला कुठे निवडून यायचं होतं,’’ म्हणाले. पण आजही जिन्यात समोर आले की बाजूला होऊन आधी मला जाऊ देतात, आणि ते मला टोचतं.

मतदान रविवारी झालं. खोकं म्हणून फरसाणाचा पत्र्याचा डबा, झाकणाला छिन्नीने पाडलेली फट, कडेला हात कापू नये म्हणून चिकटपट्टी. मतपत्रिका झेरॉक्सच्या, तीन रंगांच्या कागदांवर. आडोसा म्हणून ए विंगच्या इस्त्रीवाल्याचं टेबल आणि त्यावर उभी धरलेली कॅरमची पाटी. छप्पन्नपैकी सत्तेचाळीस जणांनी मत दिलं. आमच्या वार्षिक सभेला पंधरा माणसं जमली तर सेक्रेटरी पेढे वाटायच्या बेतात असतात.

मोजायला बसलो रात्री आठला, ट्यूबलाइटखाली, डास मारत. पहिली अडचण अशी की चार जणांनी सहा सर्वसाधारण जागांसाठी सात-सात फुल्या मारल्या होत्या. सगळ्यांचं मन राखायचा प्रयत्न. चारही बाद. दुसरी अडचण एका मतपत्रिकेवर फुल्यांच्या जागी ‘लिकेज कधी काढणार?’ असं लिहिलेलं होतं. तीही बाद, पण प्रश्न रास्त होता.

साडेनऊला निकाल लागला. ‘आत्ताच’वाले सात, ‘आधी कागद’वाले तीन, एक जागा या वेळीही रिकामी. आणि खजिनदार काका तीन मतांनी पडले.

काकांबद्दल सांगायला हवं. बँकेतून निवृत्त झालेला माणूस. चौदा वर्षं खजिनदार. त्यांच्या वहीत खाडाखोड नसायची. सिंकिंग फंडाच्या ठेवीची मुदत कधी संपते हे त्यांना तोंडपाठ. पंप कुठल्या वेळेला सुरू केला की शेवटच्या मजल्यावर पाणी चढतं, हेही. पण ते ‘आधी कागद’वाले होते, आणि थोडे खडूस. थकबाकी मागायला दुपारी झोपेच्या वेळी यायचे. लोकांना तेवढंच आठवलं. मला विचाराल तर ‘आत्ताच’वाल्यांचं म्हणणं चूक नव्हतं, बाल्कन्या खरंच धोक्याच्या होत्या. पण चौदा वर्षांचा बिनचूक हिशेब तीन मतांनी हरू शकतो हे पाहिल्यावर पुढच्या वेळी कुठला निवृत्त बँकवाला अर्ज भरेल?

दप्तर सुपूर्द करायला चार संध्याकाळी गेल्या. ‘आय’ आणि ‘जे’ नमुन्याच्या नोंदवह्या, शेअर सर्टिफिकेटांचा गठ्ठा, नळजोडणीचे कागद, मंजूर नकाशाची जीर्ण प्रत. काकांनी प्रत्येक वस्तूसमोर नव्या खजिनदाराची सही घेतली. बँकेत सह्यांचे नमुने बदलायला पुढे तीन आठवडे गेले. तोवर वॉचमनचा पगार काकांनी खिशातून दिला आणि व्हाउचर फाडून घेतलं. पंपाची किल्ली यादीत नव्हती. ती त्यांच्या घरी देवघराच्या खिळ्याला असायची. तिसऱ्या दिवशी टाकी वाहिली तेव्हा सगळ्यांना ती आठवली.

नवीन समितीच्या पहिल्या बैठकीत पदांची वाटणी झाली. सेक्रेटरी व्हायला सातांपैकी कुणी तयार नव्हतं. बिल्डरशी बोलायला सगळे तयार, पण पत्रव्यवहार, इतिवृत्त, उपनिबंधकांच्या ऑफिसातले हेलपाटे नकोत. शेवटी महिला राखीव जागेवरून पुन्हा निवडून आलेल्या बी विंगच्या ताईंचं नाव कुणीतरी घेतलं. तुमचं अक्षर चांगलं आहे, म्हणाले. ताई नुकत्याच शाळेतून निवृत्त झाल्या होत्या. त्या हो म्हणाल्या.

महिन्याभराने सल्लागाराच्या नेमणुकीचं इतिवृत्त तयार होऊन त्यांच्यापुढे आलं. फुलीसकट. ताई म्हणाल्या, वाचते आणि मग करते. वाचलं. त्यात दोन वाक्यं बैठकीत न ठरलेली होती : सल्लागाराची फी परस्पर वाढवलेली, आणि निविदा न काढता एकाच बिल्डरशी बोलणी पुढे नेण्याचा अधिकार चेअरमनना दिलेला. त्यांनी लाल पेनाने दोन्हींवर रेघ मारली, जुन्या मास्तरणीने निबंध तपासावा तशी, आणि समासात ‘असे ठरले नाही’ लिहिलं. सही केली नाही. दोन तास वादावादी झाली. माझ्या घरापर्यंत आवाज येत होता. पुढच्या बैठकीत इतिवृत्त दुरुस्त झालं. त्यांच्याच पत्रव्यवहारातून मानीव अभिहस्तांतरणाचा अर्जही गेला. ‘आत्ताच’वाल्यांच्या पॅनलमधून आलेली बाई ‘आधी कागद’वाल्यांचं काम करत होती, आणि तिला दोन्ही गट शिव्या देत होते.

पुनर्विकास अजून झालेला नाही. बाल्कन्यांचे टेकू बदलले, नवे लोखंडी आले. दोघांनी मधेच राजीनामे दिले, एकाने फ्लॅट विकला. काका सभेला येतात, मागे बसतात, हिशेबाचं पान उघडून पेन्सिलीने खुणा करतात. पंपाची किल्ली आता वॉचमनच्या केबिनमध्ये आहे, पण पाणी कधी सोडायचं ते अजून त्यांनाच विचारतात.

या समितीची मुदत फेब्रुवारी २०२७मध्ये संपते. ताईंनी आपण पुन्हा उभ्या राहणार नाही असं लेखी कळवलं आहे, गुडघे दुखतात, जिने चढवत नाहीत. अर्ज भरायची वेळ येईल तेव्हा सर्वसाधारणच्या रकान्यात एक अर्ज माझा असेल. सही करण्याआधी उपविधी मी या वेळी पूर्ण वाचून काढले आहेत.